हाताच्या शिरा शिवणाऱ्या बेळगावच्या डॉक्टर मंडळींना, वडगावच्या एका शिलाईवालीचं पत्र

बेळगाव शहरात आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडं हाताच्या जखमा बघणाऱ्या सगळ्या डॉक्टर साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी वडगावात ब्लाऊज शिवते. बावीस वर्षं झाली. आमच्या गल्लीत मागाचा आवाज अजून येतो, पण पूर्वीइतका नाही. त्या आवाजातच माझं मशीन चालतं. तुम्ही पण शिवता आणि मी पण शिवते, म्हणून हे पत्र लिहायचं धाडस केलं. मी सांगते, मुलगी टाइप करते. एका दवाखान्यात माझ्या बाबतीत जे झालं ते खाली लिहिलंय, पण दवाखान्याचं नाव लिहीत नाही. कुणाला कोर्टात खेचायचं नाही. ऑपरेशन चांगलंच झालं होतं. बिघडलं ते नंतर, माझ्या घरात, माझ्याच हातानं. त्याबद्दलच बोलायचंय.

पाडव्याच्या आधीचा रविवार होता. माहेरून, खानापूरकडून, कच्चा फणस आला होता. चीक लागू नये म्हणून हाताला तेल चोळलं आणि विळीवर बसले. फणस फोडताना दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो, तुम्हाला ठाऊक असेल. तेलकट हातात फणस सरकला आणि त्याच्या मागोमाग माझा डावा हात पात्यावर गेला. मधलं बोट आणि अनामिका, दोन्ही मुळाच्या पेरावर आडवी कापली. दुखलं कमी, रक्त फार.

गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे, तिथं सात टाके घातले आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर अनामिका वाकंना. मधलं बोट अर्धं वाकायचं, पण टोक ताठच. विचारलं तर म्हणाले सूज आहे, उतरली की वाकेल. चौथ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी काय केलं सांगू? माझ्या बोटाचा मधला सांधा दोन बोटांत घट्ट धरला आणि म्हणाले, आता फक्त टोक वाकव. वाकलं नाही. मग बाकीची बोटं सरळ दाबून धरली आणि म्हणाले, आता हे एकटं बोट वाकव. अनामिका तेव्हाही हलली नाही. अर्धं मिनिट लागलं असेल. ना फोटो, ना मशीन. प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन शिरा असतात, एक मधल्या पेरापर्यंत जाते आणि दुसरी टोकापर्यंत, आणि दोन्ही वेगवेगळ्या तपासता येतात, हे मला तेव्हा कळलं. माझ्या पहिल्या दवाखान्यासारखी छोटी छोटी ठिकाणं तुमच्यात खूप आहेत. जखमेवर टाका घालायच्या आधी हे अर्धं मिनिट काढा, एवढीच विनंती. कातडी शिवली की वरून सगळं नीट दिसतं आणि आतली शीर तुटलेलीच राहते.

शीर म्हटलं ते मुद्दाम. तुम्ही टेंडन म्हणता. पुस्तकी मराठीत कंडरा म्हणतात म्हणे, पण कंडरा म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही. आमच्यात सगळं शीरच: रक्ताची शीर, मुंग्या येणारी शीर आणि बोट ओढणारी शीर. म्हणून तुम्ही टेंडन कट म्हणालात तेव्हा सासूबाईंनी विचारलं, शीर तुटली तर मग रक्त थांबलं कसं? प्रश्न वेडा नव्हता. टाचेच्या वरच्या जाड दोरीला आपण धोंडशीर म्हणतो की नाही? ती बोटातल्या शिरांचीच बहीण. बोटात तशीच दोरी आहे, फक्त बारीक, एवढं जरी कुणी सांगितलं असतं तरी निम्मं काम झालं असतं.

ऑपरेशन झालं. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत हाताच्या मागच्या बाजूनं स्प्लिंट, म्हणजे बोटं एका कोनात धरून ठेवणारी कडक पट्टी, बसवला. घरी जाताना एक कागद दिला. वरचा मजकूर सगळा इंग्रजी, घाईच्या अक्षरात, आणि खाली कन्नड शिक्का. मुलगी बारावीला आहे, तिनं वाचला. त्यात एक ओळ होती: पॅसिव्ह फ्लेक्शन, ॲक्टिव्ह एक्स्टेन्शन, दहा वेळा, दर तासाला. फ्लेक्शन म्हणजे वाकवणं, हे औषधाच्या दुकानातल्या पोरानं सांगितलं. ॲक्टिव्ह म्हणजे काय, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. ॲक्टिव्ह म्हणजे जोमानं, नेटानं, एवढं इंग्रजी आमच्या घरात सगळ्यांना येतं. पॅसिव्ह मुलीला फक्त व्याकरणातलं ठाऊक होतं. म्हणून आमच्या घरानं त्या ओळीचा अर्थ लावला, की दर तासाला दहा वेळा बोटं नेटानं वाकवायची आणि सरळ करायची.

ड्रेसिंगला गेले तेव्हा तिथल्या माणसानं स्प्लिंट काढला, जखम पुसली, पुन्हा बांधला आणि म्हणाला, बोटं हलवत राहा नाहीतर कडक होतील. वॉर्डातल्या सिस्टरनं आधी सांगितलं होतं, अजिबात हलवू नका. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी धरलं, की जो शेवटचा बोलला तोच खरा.

तिसरा आठवडा लागला. जखम सुकली, दुखणं गेलं. शेजारच्या काकूंनी त्यांच्या नातवाचा स्पंजचा चेंडू आणून दिला. त्यांच्या यजमानांना अर्धांगवायू झाला होता तेव्हा चेंडू दाबून हात सुधारला म्हणे. स्प्लिंटचे पट्टे सैल करून मी चेंडू दाबला. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टक् झालं. आवाज म्हणावा असा नाही, ओला दोरा दातानं तोडताना हिरडीला जाणवतो तसं काहीतरी आत जाणवलं. दुखलं नाही. अनामिका तेवढी चेंडूवरून उठली आणि सरळ उभी राहिली.

त्या रात्री मला झोप नव्हती. सासूबाई तेल कोमट करून घेऊन बसल्या होत्या. चोळू दिलं नाही, हे नशीब.

दुसरं ऑपरेशन झालं. ह्या वेळी एक थेरपिस्ट, म्हणजे हाताचे व्यायाम शिकवणारी, भेटली. वय पंचविसाच्या आत. बाई कन्नड, धारवाडकडची. मराठी चार शब्दांचं. माझं कन्नड बाजारापुरतं. तिनं कागद दिलाच नाही आधी. माझा उजवा हात धरला आणि त्या हातानं माझंच डावं बोट वाकवून दाखवलं. म्हणाली, अक्का, हे बोट झोपलंय. हा हात त्याला वाकवणार. बोट स्वतः वाकणार नाही. मग उजवा हात काढून म्हणाली, आता बोट जागं. सरळ होणार, स्वतः, छपराला लागेपर्यंत. छप्पर म्हणजे स्प्लिंट. सावकाश, म्हणाली. हा शब्द तिच्या कन्नडात पण सावकाशच आहे. मग माझ्याकडून दहा वेळा करून घेतलं, तीन वेळा चुकले, तीन वेळा थांबवलं. पॅसिव्ह आणि ॲक्टिव्हचा अर्थ मला असा कळला, दुसऱ्या ऑपरेशननंतर.

आणि मग तिला मी विचारलं, की हलवायचं पण नाही आणि हलवायचं पण, हे कसं? तिनं चित्र काढलं. ते बघून मी हसायलाच लागले, कारण ते चित्र म्हणजे परकराचा नेफा होता. बोटात शीर मोकळी नसते, नळीतून जाते, नेफ्यातून नाडी जाते तशी. नळीवर जागोजागी आडव्या पट्ट्या असतात, शीर हाडापासून उचलली जाऊ नये म्हणून. आता नाडी तुटली आणि तुम्ही गाठ मारलीत, तर ती गाठ नेफ्यात अडकणार की नाही? ओढली नाही तर तिथंच चिकटून बसणार. जोरात ओढली तर गाठ सुटणार. म्हणून ओढायची, पण इतकीच, की सरकेल आणि ताणणार नाही. किती? तिनं सांगितलं तीन ते पाच मिलिमीटर. ड्युरान आणि हाउझर ह्या दोन डॉक्टरांनी १९७५ मध्ये हा हिशोब मांडला होता. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटर, हे शिलाईवालीला सांगावं लागत नाही. पाव इंचापेक्षा कमी सरकण्यावर माझं बोट अवलंबून होतं आणि मी चेंडू दाबत बसले होते.

डॉक्टर, ही नेफ्याची गोष्ट बेळगावात कुठल्याही बाईला, कुठल्याही भाषेत, दोन मिनिटांत कळेल. पुरुषांना पायजम्याची सांगा.

अजून एक तिनं सांगितलं ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. शिवलेली शीर पहिल्या दिवसापेक्षा आठवडा-दहा दिवसांनी जास्त कच्ची असते, कारण टाक्याजवळची टोकं आधी मऊ होतात आणि मग सांधायला लागतात. दुखणं मात्र ह्याच सुमारास कमी होतं. म्हणजे माणसाला बरं वाटायला लागतं तेव्हाच शीर सगळ्यात नाजूक. आमच्यासारख्या घरात दुखायचं थांबलं की बाई उठून भाकरी थापायला बसते. भाकरी थापायला दोन्ही तळवे लागतात, पीठ मळायला बोटांची मूठ लागते. तुमच्या कागदावर भाकरी हा शब्द कधी दिसला नाही.

मुळाच्या पेराच्या आसपासची जी जागा माझी कापली, तिला अमेरिकेतल्या स्टर्लिंग बनेल ह्या डॉक्टरांनी नो मॅन्स लँड, म्हणजे दोन हद्दींमधली कुणाचीच नसलेली जमीन, म्हटलं होतं. तिथं एकाच अरुंद नळीतून दोन शिरा जातात. पूर्वी तिथं लगेच शिवायचंच नाही, असं मोठे मोठे डॉक्टर सांगायचे, कारण सगळं चिकटून जायचं. मुलगी म्हणाली, आई, आपण राहतो तीच की ही जागा. हसलो दोघी. पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही ते.

थेरपिस्टकडं बाहेर बाकावर बसून जी माणसं भेटली त्यांचंही सांगते, कारण ती तुम्हाला पत्र लिहिणार नाहीत. मच्छ्याचा एक पोरगा, फाउंड्रीत कामाला. त्याचा स्प्लिंट पातळ प्लास्टिकचा, गरम पाण्यात मऊ करून हातावर दाबून बसवतात तो. तपासणीच्या आधी हात धुवायला काढला आणि एप्रिलच्या उन्हात गाडीच्या टाकीवर ठेवला. चहा पिऊन आला तर स्प्लिंट चपटा. त्यानं तसाच बांधला, कारण पट्टे लागत होते. जे प्लास्टिक गरम पाण्यानं वाकतं ते उन्हानं आणि चुलीशेजारी पण वाकतं, हे सांगायला तुम्हाला एक ओळ पुरली असती.

त्याच पोराला चौथ्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरनं बोलावलं, हलकं काम आहे म्हणून. हलकं काम म्हणजे साच्याची वाळू उचलणं निघालं. त्याच्या दाखल्यावर महिनाभर विश्रांती लिहिली होती. तुम्हीच म्हणता की स्प्लिंट सहा आठवडे, जड काम बारा आठवड्यांनंतर. मग दाखल्यावर चार आठवडे का? ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असलं आणि जखम कामावरची असली, तर तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या ९० टक्के मिळतात, जितके दिवस डॉक्टर अपंगत्व लिहितील तितके. म्हणजे तुमच्या पेनात त्या पोराची शीर होती. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या (तो २०२५ पर्यंत होता) यादीत तर्जनी पूर्ण तुटली तर कमाईचं नुकसान १४ टक्के आणि अनामिका तुटली तर ७ टक्के लिहिलं होतं. बोट जागेवर आहे पण अर्धंच वाकतं, त्याचा आकडा यादीत नव्हता, तो डॉक्टरनं ठरवायचा असतो. कोन मोजून लिहून ठेवणारं कुणी नसलं तर ठरवणार कशावरून?

निपाणीची एक बाई होती, विडीवाली. तिला मूठ नकोच होती, अंगठा आणि दोन बोटांचं टोक पाहिजे होतं, पान वळायला. तिला कुणी विचारलंच नव्हतं काय काम करते. ऊसतोडीचा एक गडी होता, पहिल्या तपासणीला आला आणि नंतर दिसला नाही. हंगाम संपला असेल, टोळी गेली असेल. कोयता धरणारा हात कुठल्या गावात कसा बरा झाला, देव जाणे.

आता भाषेचं. मला माहिती आहे, बेळगावात हा विषय काढला की लोक लगेच बाजू घेतात. १९५६ पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा वाद आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. माझ्या बोटाचा निकाल सहा आठवड्यांत लागणार होता. मला मराठी बोलणारी थेरपिस्ट नको होती, जी भेटली ती लाखात एक होती. मला पाहिजे होता समजणारा कागद. तोच कागद गोकाकच्या बाईला कन्नडात पाहिजे आणि शहरातल्या कितीतरी घरांत उर्दूत. इंग्रजीत तो कुणालाच नको, तुम्ही आणि तुमची फाइल सोडून.

तुम्ही म्हणाल थेरपिस्ट कुठून आणायचे, महागडं प्लास्टिक कुठून आणायचं. दुसऱ्याचं उत्तर तुम्हालाच ठाऊक आहे, प्लास्टरची पट्टी हाताच्या मागून बसवली तरी चालते, फक्त ती कुठल्या कोनात बसवायची हे बसवणाऱ्याला माहिती पाहिजे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातातल्या शिरा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेऊन बसवल्या, आणि त्यानंतर त्या रुग्णांना बोट नव्यानं हलवायला शिकवायला माणसं बसवली. स्वातंत्र्याच्या काळातली गोष्ट आहे ही, तेव्हा कुठलं आलंय महागडं प्लास्टिक. पहिल्याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या दवाखान्यात हाताचा थेरपिस्ट बसला, तर खानापूरच्या जंगलाकडच्या माणसाला बस बदलत बेळगावला यावं लागणार नाही. दिवस बुडतो म्हणून लोक येत नाहीत, बेफिकीर म्हणून नाही. तुमच्या कागदावर पेशंट आला नाही एवढंच लिहिलं जातं.

माझं बोट कसं आहे, विचाराल. मधलं पूर्ण वाकतं. अनामिका तळव्याला टेकायला अर्धा इंच राहते. एक बाजू बधिर आहे, टाचणी टोचली तर रक्त दिसल्यावर कळतं. चौथ्या महिन्यात मशीनवर बसले. काठपदराच्या ब्लाऊजला चुण्या धरताना अजून कापड निसटतं, म्हणून ते काम आता दुसरीकडं पाठवते. सहा महिन्यांनी चिकटलेली शीर सोडवायचं अजून एक ऑपरेशन करता येतं, असं सांगितलंय. बघू.

खाली आम्ही दोघींनी कागदाचा कच्चा मसुदा केलाय. थेरपिस्टबाईंनी सांगितलेलं आमच्या शब्दांत मांडलंय. तुमच्या पद्धती वेगवेगळ्या असतात हे कळलंय, कुणी रबर बँड लावतं, कुणी हल्ली पहिल्याच आठवड्यात रुग्णाला स्वतःहून थोडं वाकवायला देतं. म्हणून व्यायामाची ओळ बदलायला जागा सोडलीय. चुकलं असेल ते खोडा, राहिलं असेल ते घाला, कन्नडात कुणाकडून तरी करून घ्या, आणि छापा.

"तुमच्या बोटाची ओढणारी शीर शिवली आहे. ती नेफ्यातल्या नाडीसारखी आहे. गाठ कच्ची आहे.

स्प्लिंट सहा आठवडे, दिवस-रात्र. झोपेत तर नक्कीच, झोपेत मूठ आपोआप वळते. आम्ही सांगितल्याशिवाय काढू नका, दुसऱ्या कुणाला काढू देऊ नका. ऊन, चूल, गरम पाणी यांपासून लांब ठेवा. आंघोळीला वरून प्लास्टिकची पिशवी बांधा. हात उशीवर उंच ठेवा.

दर तासाला दहा वेळा: चांगल्या हातानं बोट हळू वाकवा. मग बोट स्वतः सरळ करा, स्प्लिंटला लागेपर्यंत. (तुमच्यासाठी वेगळं असेल तर डॉक्टर इथं लिहितील: ................)

भाकरी नाही. पिळणं नाही. पिशवी नाही. चेंडू नाही. तेल चोळणं सांगेपर्यंत नाही. तंबाखू आणि बिडी बंद, रक्त पोचत नाही.

दुखत नाही म्हणजे जुळलं असं नाही. बोट एकदम वाकायचं थांबलं, आत टक् झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी ह्या नंबरवर फोन करा: ................

तुम्ही काय काम करता? ................ घरी स्वयंपाक कोण करतं? ................"

शेवटचे दोन प्रश्न तुम्ही विचारायचे आहेत, पेशंटनं भरायचे नाहीत.

आपली,
वडगावची एक शिलाईवाली